आजीनं तिचे उपास मागून घ्यावेत

"ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची, यंदा बारावीला. अभ्यासात पहिल्यापासून पुढे, कथक शिकते. गेल्या वर्षी क्लासच्या कार्यक्रमाआधी कुणीतरी तिला 'घागरा घट्ट होतोय वाटतं यंदा' म्हणालं. त्या श्रावणात तिनं सोमवार धरले. मग संकष्टी, मग दोन्ही एकादश्या, मग नवरात्राचे नऊ दिवस. सासूबाईंना फार कौतुक वाटलं. आता उपास नसला तरी ताटात एक फुलका आणि काकडी. पहाटे पर्वती चढून येते, संध्याकाळी पुन्हा. चार महिने पाळी नव्हती, बाईंच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आली. मे महिन्यात सगळं पुणं तापलेलं असताना ही पंखा बंद करून गोधडी घेऊन झोपायची. उठताना चक्कर येते. गंमत म्हणजे स्वयंपाकाची भयंकर आवड लागली आहे. रात्री तास तास रेसिपीचे व्हिडिओ बघते, रविवारी केक करून सगळ्यांना आग्रहानं घालते, स्वतः चमचाभर खात नाही. मिस्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, बीएमआय थोडाच कमी दाखवतोय, बारावी होऊ दे मग बघू. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की गप्प होतात. नातेवाईक म्हणतात, किती छान बारीक झाली! माझं कुठे चुकलं? ती हट्टी आहे की आजारी?"

एक आई, सहकारनगर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ती आजारी आहे. लक्षणं अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे खाण्याच्या आजाराची आहेत. हट्टी मुली मी पुष्कळ पाहिल्यात, दोन तर माझ्याच घरात वाढल्या. हट्टानं मे महिन्यात थंडी वाजत नाही.

पत्रात तुम्ही तिचं आधीचं वजन, आत्ताचं वजन, ती दिवसाला काय मोजून खाते, सगळं लिहिलं होतं. ते मी छापताना गाळलंय. हे सदर मुलीही वाचतात, आणि या आजारात दुसरीचा आकडा म्हणजे आपण ओलांडायची रेघ होऊन बसते. तुम्हीही ते आकडे घरात, फोनवर, बहिणीशी बोलताना उच्चारू नका. मुलगी दुसऱ्या खोलीत असली तरी ऐकत असते.

आता या आठवड्यातलं काम. तिला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिशियनकडे न्या, आणि "अशक्तपणा आहे" एवढंच सांगून थांबू नका. किती महिन्यांत वजन किती उतरलं, पाळी कधी थांबली, चक्कर कधी येते, दिवसाला चालणं किती, हे कागदावर लिहून न्या आणि कागद डॉक्टरांच्या हातात द्या, मोठ्यानं वाचू नका. नाडी आणि रक्तदाब एकदा झोपवून आणि एकदा उभं करून मोजायला सांगा. ईसीजी काढा. रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम बघून घ्या. जागी आणि शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, ती बेशुद्ध पडली, छातीत धडधडलं किंवा पाणीसुद्धा नको म्हणायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. "पर्वती चढते ना, म्हणून खेळाडूसारखी नाडी कमी आहे," असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. आणि जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते का, एवढं ध्यानात ठेवा. उलट्या काढत असेल तर पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. मानसिक आजारांपैकी ज्यांत माणसं खरोखर दगावतात त्यांत हा आजार फार वरती आहे. तुम्हाला घाबरवायला नाही, बारावीनंतर बघू म्हणणाऱ्यांसाठी सांगते आहे.

रिपोर्ट नॉर्मल आले यात नवल नाही. शरीर रक्तातला हिशेब शेवटपर्यंत नीट ठेवतं, त्यासाठी स्नायू आणि हाडं मोडून खातं. पडत्या काळातली घरं नाहीत का, आतली भांडी विकायची पण पाडव्याला दारात गुढी मात्र जरीच्या खणाची!

गोळ्यांचंही असंच. शरीरानं पाळी थांबवली, कारण आपल्याजवळ खर्चायला काही उरलं नाही हे त्याला कळलं. गोळीनं रक्तस्राव होतो, पण ती तिची स्वतःची पाळी नव्हे. उलट, घरात लागलेला एकमेव लाल दिवा आपण रुमालानं झाकून ठेवतो. हाडांनाही त्या गोळ्यांनी संरक्षण मिळत नाही, आणि हाडं भरायची हीच वर्षं आहेत. गोळ्यांबद्दल नव्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

आता तुम्ही "गंमत म्हणजे" असं ज्याला म्हटलंत त्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला ती वाटली.

१९४४ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण निवडले. युद्धाला नकार देणारे, स्वखुशीनं आलेले, शरीरानं आणि मनानं ठणठणीत म्हणून पारखून घेतलेले. युरोपात उपासमार होती, आणि उपाशी माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावलं. त्यांचं वजन जवळजवळ चौथाईनं उतरलं. पण मला सांगायचंय ते वजनाबद्दल नाही. यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, घागरा कुणाला घट्ट होत नव्हता, मोबाइल नव्हता. तरी ही तरणी मुलं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, रेसिप्या जमवायला लागली. एकेका जेवणाला दोन दोन तास लावायची, अन्न कालवून, पाणी घालून पुरवायची. त्यांना उन्हाळ्यात थंडी वाजायची. ती चिडकी झाली, मित्रांपासून तुटली, रडायला लागली, वाचनात लक्ष लागत नाही म्हणायची. प्रयोग संपल्यावर काहींनी स्वयंपाकाचाच धंदा धरला.

तुमची लेक रात्री बारा वाजता पनीर माखनीचा व्हिडिओ बघते ती आवड नाही, भूक आहे. ती दुसऱ्यांना केक भरवते तेव्हा तिच्या घशाशी काय येत असेल, ते तिलाच माहीत. १८७३ मध्ये विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरांनी या आजाराला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' म्हटलं, म्हणजे भूक मरणं. आपल्याकडच्या पुस्तकांत 'क्षुधानाश' आलं. दोन्ही नावं चुकीची आहेत असं माझं ठाम मत. भूक मरत नाही. ती चोवीस तास डोक्यात असते, आणि मुलगी चोवीस तास तिच्याशी लढत असते.

यातून उपचाराची सगळी दिशा बदलते. आधी तिचं मन वळवू, मग ती जेवेल, असा क्रम आपण लावतो. तो उलटा आहे. अर्धपोटी मेंदूला वळवता येत नाही. आधी जेवण, बराच काळ जेवण, आणि मग मन.

हे जेवण कोण घालणार? तुम्ही दोघं. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात एक पद्धत आकाराला आली. तिच्यात आईवडिलांना आरोपी न करता उपचाराच्या खुर्चीत बसवतात. पहिल्या टप्प्यात काय खायचं, किती, केव्हा, हे ठरवणं मुलीकडून काढून आईवडील आपल्याकडे घेतात. वजन सावरलं की हळूहळू तिच्या हातात परत देतात. लहान वयात, आजार जुना झालेला नसताना, ही पद्धत चांगली लागू पडते. मानसोपचारतज्ज्ञांना "कुटुंबावर आधारित उपचार" करता का, असं विचारा.

घरात ते असं दिसतं. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन खाणी. ताट तुम्ही वाढायचं. तिनं स्वयंपाकघरात यायचं नाही, तेल मोजायचं नाही, कणीक तिनं मळायची नाही. केकही बंद. वरणभातावर तूप तुम्ही घाला, थालीपीठावर लोणी तुम्ही ठेवा, आणि दोघांपैकी एकानं शेजारी बसून स्वतःही तेच खा. (तुम्ही समोर बसून नुसती काकडी खाणार असाल तर उपयोग नाही. पत्रात तुमच्या स्वतःच्या डाएटचाही उल्लेख होता, म्हणून म्हणते.) ती म्हणेल, तूप काढ. तुम्ही म्हणायचं, "हे तुझं औषध आहे, मी इथेच आहे." एवढंच. तुपात किती कॅलरी असतात यावर तिच्याशी वाद घालू नका, त्या विषयात तिची पीएच.डी. झालेली आहे, तुम्ही हराल. "आमच्यासाठी एक घास" नको, "शेतकरी उपाशी मरतात" नको, "मी जीव देईन" तर मुळीच नको. जेवणानंतर तासभर तिला एकटीला सोडू नका. पत्ते खेळा, मालिका बघा, काहीही. पर्वती आणि कथक दोन्ही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. हे सगळ्यात जड जाईल, तिला आणि तुम्हालाही.

मात्र एक सावधगिरी. सुरुवात किती खाण्यानं करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि जिवावर बेततं. महायुद्धानंतर सुटून आलेल्या कैद्यांच्या बाबतीत हे जगानं पाहिलं आहे. त्यामुळे शनिवारी डॉक्टर आणि रविवारी श्रीखंडपुरी, असा उत्साह नको.

पहिले दोन-तीन आठवडे घर युद्धभूमी होईल. ताट भिरकावेल, "तू माझी आई नाहीस" म्हणेल. त्या वेळी बोलतो तो आजार, असं मनाशी धरा आणि ताट पुन्हा वाढा. तुम्ही दोघं एका आवाजात बोललात तरच हे जमेल. आई घट्ट आणि बाबा सैल, अशी फट तिला पहिल्या दिवशी सापडेल.

म्हणून आता दोन शब्द मिस्टरांशी.

साहेब, बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचं, गणित मुळात क्वेतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं, लोकसमूहांचा अभ्यास करताना. त्याला बीएमआय हे नाव दिलं कुणी, तर त्याच मिनेसोटाच्या कीजनं, १९७२ मध्ये. समूहासाठीचं माप आहे ते, एका मुलीचं निदान करायचं यंत्र नव्हे. आपल्या पुण्यातल्याच केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. आकडा एक, माणसं दोन. (हा किस्सा लेकीला सांगू नका, ती त्यातून भलताच अर्थ काढेल. हा तुमच्यापुरता.) वाढत्या वयात बघायची ती तिची स्वतःची वाढीची रेघ. लहानपणापासून ज्या रेघेनं ती चालली होती तिच्यावरून ती किती खाली घसरली, हे तिच्या जुन्या डॉक्टरांच्या फायलीत सापडेल.

बारावीचं म्हणाल, तर बारावी पुढच्या वर्षीही देता येते. उपचार जितके लवकर तितके सोपे, आणि लांबवलेलं वर्ष तुम्हाला फार महाग पडेल. "उद्या स्थळं बघताना" ही तुमच्या गप्प बसण्यामागची काळजी असावी असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर माफ करा. पण ज्या जाहिरातींत पिढ्यान्‌पिढ्या 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' छापत आलो, त्यांच्याच धाकानं उपचार लांबवायचा हे मला पटत नाही. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, खासगी तज्ज्ञ आहेत. आणि नाव न सांगता आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे. १४४१६ फिरवा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही करा, साहेब. बायकोनं पत्र लिहिलंच आहे.

(मुलग्यांच्या आयांनी हे वाचून सुटकेचा निःश्वास सोडू नये. उकडलेल्या अंड्यांतला पिवळा बलक काढून फेकणारा, दिवसातून दोनदा जिमला जाणारा आणि आरशासमोर तासभर घालवणारा मुलगा याच वाटेवर असू शकतो. त्याच्यावर कुणी शंका घेत नाही एवढाच फरक.)

आता सासूबाई. त्यांना दोष देऊ नका. नात उपास करते म्हटल्यावर कुठली आजी सुखावणार नाही? पण आपल्या घरातला उपास म्हणजे 'एकादशी, दुप्पट खाशी'. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर केळं. तिचा उपास त्या जातीचा नाही. तिनं देवाला पुढे केलंय, कारण देवाला पुढे केलं की या घरात कुणी "जेव" म्हणत नाही. आजार फार हुशार असतो. तो घरातली सगळ्यात आदराची गोष्ट शोधतो आणि तिच्यामागे लपतो.

तेव्हा तिच्याशी देवाधर्माचा वाद तुम्ही घालू नका, ते काम आजींचं. बाल, वृद्ध आणि आजारी यांना उपासातून सूट आहे हे त्यांना तुमच्याआमच्याहून चांगलं ठाऊक असेल. पालख्या पुढे गेल्या, श्रावण तोंडावर आहे. पहिला सोमवार यायच्या आत आजींनी नातीला जवळ घेऊन म्हणावं, "तुझे उपास मला दे. तुझ्या नावानं मी करीन. तुझं उद्यापन झालं असं समज." रीतसर उद्यापन करा हवं तर, देवासमोर, नैवेद्य दाखवून. घेतलेलं व्रत मोडलं, याचं ओझं तिच्यावर नको. आजींना मधुमेह असेल तर त्यांनी खिचडीपुरताच उपास करावा, देव समजून घेईल.

तुमचं कुठे चुकलं, असं विचारलंत. हा आजार एका वाक्यानं किंवा एका आईनं होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, स्वभावाचा असतो. सगळं बिनचूक हवं असणाऱ्या, पहिल्या येणाऱ्या मुलींचा तर फारच. पहिली ठिणगी पुष्कळदा साध्या डाएटनं पडते. आणि वारा कुठून येतो ते फिजी बेटांवर दिसलं. धष्टपुष्ट बाईचं कौतुक असलेल्या तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तेव्हा अ‍ॅन बेकर या संशोधक बाईंनी शाळकरी मुलींना विचारलं, वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये पुन्हा विचारलं, तर ११.३ टक्के निघाल्या. तो तर नुसता टीव्ही होता, तिच्या उशाशी मोबाइल आहे. तरी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. बाथरूममधला वजनकाटा आजच माळ्यावर टाका, आणि "मी किती सुटलेय बाई" हे वाक्यही.

राहिले नातेवाईक. माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलगी आठ महिन्यांच्या उपचारांनी सावरत आली होती. केस गळायचे थांबले होते, गालांवर रंग आला होता. गणपतीत शेजारच्या काकू आल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "वा, तब्येत सुधारली हं!" आपल्या भाषेत या वाक्याचा एकच अर्थ होतो आणि तो त्या मुलीला बरोबर कळला. पुढचे चार दिवस तिनं ताटाला हात लावला नाही. आपण कौतुक केलं, असंच काकू अजून समजतात.

तुमच्याकडे गौरी असतील तर जेवायला येणाऱ्या प्रत्येकीला आधी फोन करा. मावशीला, आत्याला, वन्संना. तिच्या अंगाबद्दल बरं किंवा वाईट काहीच बोलायचं नाही. ताटाकडे बघायचं नाही. बारीक झालीस नको, भरलीस नको, "आज पुरणपोळी खाल्ली, शाब्बास" हेही नको. मग बोलायचं काय, असं मावशी नक्की विचारेल. "ये, माझ्या शेजारी बस," एवढं म्हण म्हणावं.